पाचशेच्या वर एकही नाही

"घे तुझं मॅड," म्हणत मोझेसमामांनी पेडोमीटर माझ्या टेबलावर ठेवला. "मला नको हां हे. मी हार्ट पेशंट माणूस."

मॅड म्हणजे वेडं नव्हे. पावलं मोजणाऱ्या यंत्राला हिब्रूत 'माद त्सेआदिम' म्हणतात. माद म्हणजे मापक. इस्रायलमधल्या अश्दोदच्या आमच्या बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यू, मंडळींनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बॉम्बे इंग्लिशमध्ये मॅड करून टाकलं. काडेपेटीएवढी डबी, कमरेच्या पट्ट्याला अडकवायची. पाऊल पडलं की आतला दांडा हलतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. तेव्हा आम्हाला या डबीचं कोण कौतुक!

मी तिथल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. बसून राहणाऱ्या पेशंटना चालतं करायचं, हे माझं काम. मोझेसमामा आमच्याच रेवदंड्याकडचे, मुंबईमार्गे इकडे आलेले. सारा जन्म बंदरावर क्रेन चालवली. निवृत्त झाल्यावर हिवाळ्यात हार्ट अटॅक आला. रक्तवाहिनी उघडली, मशीनच्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढला, तोही चांगला आला. हार्टच्या डॉक्टरांनी बजावलं, "आता चाला. असेच बसून राहिलात तर परत इथेच याल."

मामा बसूनच राहिले. रिबकामामी त्यांच्या बुटांची नाडीसुद्धा बांधायच्या, कारण वाकलं की हार्टला ताण पडतो म्हणे! आणि या मामींनीच आयसीयूच्या दारात नवस बोलला होता: हे स्वतःच्या पायांनी चढून येतील, तेव्हा हैफाला एलियाहू हन्नबीच्या, आमच्या प्रेषिताच्या, गुहेशी मलिद्याचा नैवेद्य करीन. गुहेला पायऱ्या आहेत. मामा तर एक जिना उतरायला तयार नव्हते.

"टार्गेट दे त्याला," माझी बॉस ओर्ना म्हणाली. ओर्नाकडे कुठल्याही प्रश्नाला टार्गेट हे एकच औषध होतं.

आम्हाला कोर्समध्ये तसंच शिकवलेलं. आधी बेसलाइन काढायची, म्हणजे माणूस एरवी किती चालतो ते आठवडाभर बघायचं. मग त्यात हळूहळू भर घालायची. मामांची बेसलाइन म्हणजे बाथरूम आणि बाल्कनी. मी आकडा सांगितला की ते निम्म्यावर आणायचे. मी निम्म्याला कबूल झाले की त्याच्याही निम्म्यावर. बाजारात सुरमईचा भाव पाडावा तसं चाललेलं. मला भयंकर राग यायचा. असल्या कामात गोड बोलावं लागतं आणि गोड बोलणं हा काही माझा गुण नाही.

त्या दिवशी मात्र मी मॅड परत घेतलं नाही. विचारलं, "मामा, हार्ट पेशंट म्हणजे काय, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"सांगायला कशाला हवं? पप्पांना अटॅक आला तेव्हा बॉम्बेच्या डॉक्टरने बेडरेस्ट दिला. कुशीवर वळायचं तर नर्सला हाक मारायची. एक दिवस कोणाला न सांगता उठले नि मोरीपर्यंत गेले. तिथंच खलास."

आमच्या म्हाताऱ्यांची मराठी ते निघाले त्या सालाची आहे, हे मला ठाऊक होतं. त्यांचं डॉक्टरी ज्ञानही त्याच सालाचं असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. इथे ओर्नाला आळस दिसत होता, मला हट्ट दिसत होता. माणूस नुसता घाबरलेला होता. त्याला मी रोज 'अजून चाला' सांगत होते, आणि त्याच्या कानाला ते 'मोरीपर्यंत जा' असं ऐकू येत होतं!

मी मॅड उचलून त्यांच्या पट्ट्याला पुन्हा लावलं.

"मामा, आजपासून टार्गेट बंद. पाचशे पावलं. त्याच्या वर एकही नाही."

"म्हणजे?"

"तुमचा ईसीजी बघूनच सांगतेय. पाचशेपर्यंत तुमच्या हार्टला काही होत नाही, ही माझी जबाबदारी. पुढे गेलात तर माझी नाही."

"पाचशेपर्यंत काही नाही होणार?"

"काही नाही."

त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं.

पहिल्या दिवशी मी बरोबर गेले. टॉक टेस्ट नावाची एक साधी गोष्ट असते. चालताना माणसाला पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. मामा रस्ताभर माझ्याशी भांडत होते, तेव्हा त्या बाबतीत मी अगदी निर्धास्त होते. कोपऱ्यावरच्या मकोलेतशी, म्हणजे वाण्याच्या दुकानाशी, पोचलो. मी म्हटलं, "बस, आता मागे फिरा."

"इतक्यात? अगो, समोर तर बाक आहे. तिथवर जाऊ की!"

"पाचशे म्हणजे पाचशे."

आठवड्याभरात ते माझ्या दारात उभे. "थोडी वर घाल ना गो. कोळीणसुद्धा वाट्यावर एक मासळी वर घालते."

मनातून मला नाचावंसं वाटत होतं. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं करून मी शंभर वाढवली. पुढच्या आठवड्यात आणखी. भाव आता उलट्या दिशेने ठरत होता आणि मी मुद्दाम ताणून धरत होते.

ओर्नाला हे पसंत नव्हतं. "एस्तेर, तू पेशंटला चालायला मनाई करतेस?"

"होय. आणि तो चालतोय."

"आणि शनिवारी शून्य. दर शनिवारी शून्य!"

शनिवार म्हणजे शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र वार. मामा त्या दिवशी यंत्र वापरणारे नव्हेत, त्यामुळे मॅड कपाटात जायचं. मला वाटलं, मर्यादा सांगणारं कोणी नाही म्हणून ते घरीच बसत असतील. रविवारी, म्हणजे आमच्याकडे आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, मी त्यांना बोलावून घेतलं.

मामा खुर्चीत बसलेच नाहीत. उभ्याउभ्या म्हणाले, "पोरी, रागावू नको हां. मी सिनेगॉगला जातो. पायी."

आमचं सिनेगॉग वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, आणि शेवटी चढण! मामांच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे.

"कधीपासून?"

"चारेक शब्बाथ झाले. पहिल्यांदा मकोलेतशी थांबलो. मॅड नाही, कोणाला विचारणार? मग बोलून बघितलं. शेमा म्हटलं मोठ्याने. पुरं म्हणता आलं. मग गेलो पुढे."

मी दचकले आणि हसलेही. टॉक टेस्ट माणसाने प्रार्थनेवर घेतली होती! लगेच नाडी बघितली, हार्टच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "उत्तम. जिनेही चढू द्या."

पासओव्हरच्या सणानंतर आम्ही हैफाला गेलो. मामा, मामी आणि मी. मामींच्या मांडीवर मलिद्याचा डबा: पोहे, खोबरं, साखर, वेलची.

पायऱ्यांशी मी म्हटलं, "दर टप्प्यावर थांबायचं." मामा थांबले, बोलले, चढले. मध्ये एकदा कठडा धरून गप्प उभे राहिले, तेव्हा मी नाडी बघायला पुढे झाले. मग म्हणाले, "घाबरू नको, समुद्र बघतोय."

वर पोचल्यावर मामी डबा घेऊन तशाच खाली बसल्या आणि हमसून रडल्या. मी मामांची नाडी धरली होती. जलद होती, पण एकसारखी. माझेही डोळे वाहत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. इतका आनंद मला माझ्या पदवीच्या दिवशीही झाला नव्हता.

मामा हळूच म्हणाले, "पप्पांना असं कोणी सांगितलंच नाही गो."

मलिदा वाटून झाल्यावर ते खाली उतरले, तेही आमच्या पुढे.

ओर्नाने नंतर मला स्टाफ मीटिंगमध्ये बोलायला उभं केलं. तिला पद्धतीचं नाव हवं होतं. नाव काही मला सुचलं नाही. मी एवढंच सांगितलं: टार्गेट धीट माणसाला द्यावं. भ्यालेल्याला आधी, कुठवर गेलं तरी आपण मरत नाही, ते सांगावं.