दिसलं की स्वप्न

माझे सासरे, म्हणजे बाबा, रंगारी. निम्म्या गावाच्या भिंती त्यांच्या हाताखालून गेल्या. मग आजारपणात दोन्ही डोळे गेले, आणि पुढच्याच वर्षी माझी मुलगी ठकी जन्मली. आता ते खिडकीपाशी बसून खुर्च्यांना वेत विणतात आणि दुपारी तिथेच डुलकी काढतात. शेजारच्या टेबलावर मी लोकांचे कपडे इस्त्री करते.

आपण स्वप्नात होतो हे बाकीच्यांना उठल्यावर कळतं. बाबांना तिथल्या तिथे कळतं. "दिसायला लागलं की समजायचं, झोप लागली," ते म्हणतात. मग तिथे मनाला येईल ते करतात, म्हणजे रंगकामच करतात. हौसेला मोल नसतं. "तूही असतेस," एकदा म्हणाले. "लग्नातल्यासारखी बारीक." मी इस्त्री जरा जोरातच आपटली.

एकदा उठून सांगायला लागले, अख्खी दुपार गेली, दाराच्या दोन्ही फळ्या रंगवून झाल्या.

मी म्हटलं, "कसली दुपार! तुमच्या पापण्या थरथरायला लागल्या तेव्हा हा शर्ट घेतला. अजून बाह्या राहिल्यात."

हातातला वेत चाचपत ते म्हणाले, "बरोबर आहे. एकच फळी हाताने रंगवली. वळून बघतो तर दुसरी झालेलीच होती. तिथे वेळ असाच गाळलेला असतो. लांबलचक वाटतो, पण हातात येतो एवढासाच."

"आणि जास्त वेळ घेऊन करायचंय काय?"

"ठकीला बघायचंय."

ठकी त्यांच्या स्वप्नात येते, पण पाठमोरी. तिच्या पुढे जायला निघाले की छातीत धडधडतं आणि जाग येते. मी चिडले. "रोज तुमच्या मांडीवर धुडगूस घालते की!"

"घालते गं. पण मी तिला पाहिलंय कधी? तिथे तिचं तोंड आणू कुठून?"

मला फार वाईट वाटलं.

त्यांनी नाना उपाय केले. स्वप्नात आधी भिंतच बघत राहायचं, हळूहळू चालायचं, घाई करायची नाही. काही उपयोग झाला नाही. आणि मग एका दुपारी उठले ते अगदी शांत.

"आज डोळे मिटले," म्हणाले.

"झोपताना सगळेच मिटतात."

"तिथे मिटले. स्वप्नात."

साऱ्या जगात त्यांना दिसतं अशी ती एकच जागा, आणि तिथे त्यांनी आपण होऊन डोळे मिटून घेतले. मग हात पुढे केला. ठकी समोर तोंड करून उभी होती. कपाळ लागलं, भुवया लागल्या, नाक लागलं. स्वप्न मोडलं नाही. हात आणखी खाली गेला, तिथे पुढचं काही आठवेना, आणि जाग आली. मी पदराने डोळे पुसले.

संध्याकाळी ठकी शाळेतून आली. बाबांनी तिला जवळ घेतलं, डोळे घट्ट मिटले आणि तिच्या तोंडावरून बोटं फिरवू लागले, अगदी सावकाश.

"आजोबा, डोळे का मिटलेत? तुम्हाला तसंही दिसत नाही."

"सवय करतोय," ते म्हणाले. "हनुवटी अजून पाठ व्हायचीय."

ठकीने हनुवटी वर केली आणि न हलता उभी राहिली.