जावईबापूंची तब्येत

पॉलिशवाले घरोघरी जाऊन जुन्या फर्निचरला पॉलिश करायचे. टेबलाच्या कडेचा टवका उडालेला असो की कपाटावर कुणी गरम इस्त्री टेकवलेली असो, ते तिथे मेण भरायचे, पॉलिश पेपर फिरवायचे, कापसाच्या बोळ्यानं लाखेचे हात देत बसायचे आणि काम संपलं की घरमालकिणीला विचारायचे, "दाखवा बघू, कुठं होतं?" बाईंना सापडलं नाही की सामान आवरायला घ्यायचे. एवढा प्रश्न सोडला तर दिवसभरात ते फारसं काही बोलत नसत.

बोलायचं खातं बायकोकडे होतं. ती लहान मुलांच्या बुटांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक आलं की ती आधी पाय बघायची, मग तोंड. रस्त्यात एखादी आई भेटली तर तिला मुलाचं नाव आठवायचं नाही, पण "उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा, तोच ना?" एवढं बरोबर आठवायचं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. दुकानातली एक मैत्रीण परगावी राहायला गेली तेव्हा जाताना आपला गिनीपिग यांच्याकडे सोडून गेली. हा प्राणी दिवसभर बसून राहायचा. घरातली सगळ्यात कोवळी काकडी त्याला लागायची, ती यायला उशीर झाला की शिट्टी मारायचा, आणि काम म्हणून कशाला हात लावायचा नाही. बायकोनं आठवड्याभरात त्याचं नाव जावईबापू ठेवलं. "मुलगी नाही तर नाही," ती म्हणाली, "जावई तरी मिळाला." तेव्हापासून घरात त्याला अहो-जाहो सुरू झालं.

जावईबापूंचं अर्धं तोंड तपकिरी होतं, अर्धं पांढरं. पाठीवरून काळा पट्टा गेलेला आणि कपाळावर भोवरा. असे ते काही वर्षं सुखानं राहिले.

मग बायको दुकानात शिडीवरून पडली. सर्वात वरच्या फळीवरचा खोका काढताना पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. भूल देऊन ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून ती तळमजल्यावर राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. जाताना नवऱ्याला दोनच गोष्टी सांगितल्या. गॅस बंद करत जा आणि जावईबापूंना जपा.

पॉलिशवाल्यांनी दोन्ही गोष्टी नीट केल्या. तरीही एका दुपारी ते कामावरून लवकर घरी आले, तर जावईबापू आपल्या लाकडी खोक्याच्या दारात मान टेकून पडलेले होते. गवताची काडी अर्धी तोंडात होती. आजार नाही, जखम नाही, वय झालं होतं इतकंच. पॉलिशवाल्यांनी पाठीवरून हात फिरवून पाहिला. अंग गार होतं. ते तिथेच जमिनीवर बसले आणि फोन वाजला.

"जेवले का ते?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"का हो?"

"भूक दिसत नाही."

"गाजर देऊन बघा."

"बघतो."

सांगायचं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात तिनंच सांगितलं की डॉक्टर म्हणाले हाड अजून धरत नाही, प्लास्टर वाढवावं लागेल, आणि ती रडायला लागली. रडणाऱ्या माणसाला आणखी रडवायचं कशाला, उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती जरा हसली. हसणाऱ्या माणसाला रडवणं तर त्याहून वाईट. मग सांगायचं राहून गेलं.

त्यांनी सागाच्या फळीच्या तुकड्यांची पेटी केली, तिला आतून-बाहेरून दोन हात पॉलिश दिलं आणि जावईबापूंना इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ पुरलं. मग खिशात फोटो घालून ते प्राण्यांच्या दुकानांतून फिरू लागले. पहिल्या दुकानात सगळे पांढरे होते. दुसऱ्यात भोवरा होता, पट्टा नव्हता. पुलापलीकडच्या दुकानात एका पिंजऱ्यात बरेच जण एकमेकांच्या अंगावर बसले होते आणि त्यात हुबेहूब तो चेहरा होता. अर्धा तपकिरी, अर्धा पांढरा.

"नर आहे ना?" पॉलिशवाल्यांनी विचारलं.

दुकानदारानं त्याला उचललं, खालून एक नजर टाकली आणि म्हणाला, "नरच." हे उत्तर तो सगळ्यांनाच देत असावा, पण हे पॉलिशवाल्यांच्या ध्यानात आलं नाही. ते फोटोतला पट्टा आणि समोरचा पट्टा ताडून बघत होते. रंगात फरक नव्हता. काम झालं असं त्यांना वाटलं.

प्लास्टर निघाल्यावर बायको काठी टेकत तिन्ही मजले चढून आली. चप्पल काढायच्या आधी तिनं जावईबापूंना मांडीवर घेतलं.

"अहो, हे लहान झालेत."

"खात नव्हते ना, सांगितलं होतं तुला."

"यांच्या डाव्या कानाला खाच होती."

"भरली असेल."

"कान भरतात?"

"वयानं भरत असतील."

"कान लोकांचे भरतात हो," ती म्हणाली, "असे नाही भरत." पण आल्या आल्या वाद नको म्हणून तिनं तो विषय सोडला. दुसऱ्या दिवशी तिनं पाय बघितले. मागच्या उजव्या पायाचं मधलं नख काळं असायचं, ते आता इतरांसारखं फिकट होतं. पॉलिशवाल्यांनी सांगितलं की नखं कापली. कापून रंग जातो का, असं तिनं विचारल्यावर ते म्हणाले, "काळा भाग टोकालाच होता." शिट्टीचा आवाजही बारीक झालेला तिला जाणवला. यावर मात्र पॉलिशवाल्यांनी कमालच केली. ते म्हणाले, "तुझ्या आठवणीनं ओरडून ओरडून बसला."

बायकोचे डोळे भरून आले. तिनं त्या अनोळखी प्राण्याला छातीशी धरलं. पॉलिशवाले स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभे राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं लागोपाठ ते कधी बोलले नव्हते, आणि त्यात एक शब्द खरा नव्हता.

ती पुन्हा कामावर जाऊ लागली. कानाचा किंवा नखाचा विषय निघाला की पॉलिशवाले आता "पहिल्यापासून असंच आहे" एवढंच म्हणायचे. एका संध्याकाळी पॉलिशवाले चहा घेऊन बाहेर येत होते, तेव्हा ती बहिणीशी फोनवर बोलत होती.

"त्या भुलीनंतर माझं काहीतरी बिघडलंय गं," ती हळू आवाजात म्हणत होती. "कान, नख, सगळं मला वेगळंच आठवतंय. हे म्हणतात पहिल्यापासून असंच आहे. पायाच्या बाबतीत मी कधी चुकले नव्हते. आज दुकानात एका पोराचा पाय दोनदा मोजला, तरी खात्री वाटेना. नाही, यांना नाही सांगितलं. घाबरतील."

पॉलिशवाले कप हातात धरून दारात उभे राहिले. जनावर गेलं त्यापेक्षा हे वाईट होतं, आणि हे त्यांचं स्वतःचं काम होतं. आता सांगायचंच, असं ठरवून ते पुढे आले. ती फोन ठेवून वळली आणि हसली.

"अहो, बघा ना! जावईबापू अंगानं भरायला लागलेत. मी आले तशी तब्येत सुधारली त्यांची."

"हो," पॉलिशवाले म्हणाले. "चहा घे."

तब्येत सुधारतच गेली. जावईबापू दोन्ही बाजूंनी सुटले. बसले की उशी ठेवल्यासारखे दिसायचे, चालताना पोट जमिनीला घासायचं. घरातली कोथिंबीर, गाजरं, काकड्या संपवून ते टोपलीची काडी चावायचे. पॉलिशवाल्यांना वाटलं, नवं घर मानवलं. मग एका सकाळी बायको त्यांना मांडीवर घेऊन बसली होती ती एकदम ताठ झाली.

"अहो, इकडे हात लावा. यांच्या पोटात काहीतरी हललं."

पॉलिशवाल्यांनी हात लावला. आतून कुणीतरी ढुशी दिली.

"गाठ हलते का हो?" तिनं विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पॉलिशवाल्यांनी जावईबापूंना दवाखान्यात न्यायला खोकं आणलं.

प्राण्यांच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिनं जावईबापूंना वजनकाट्यावर ठेवलं आणि कागद पुढे ओढला.

"वय?"

"सहाच्या पुढे," बायको म्हणाली.

"नर की मादी?"

"नर. नावच जावईबापू आहे."

डॉक्टरणीनं ते लिहून घेतलं. मग जावईबापूंना उलटं केलं, पोट चाचपलं, जेल लावून मशीन फिरवलं आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. बायकोनं काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"काकू," डॉक्टरीण म्हणाली, "या जावयाला दिवस गेलेत."

"काय?"

"मादी आहे. तीन पिल्लं दिसतायत. बाळंतपण जवळ आलंय."

"अहो, पण कसं शक्य आहे?"

"नेहमीच्याच पद्धतीनं." डॉक्टरणीनं जावईबापूंचं पोट पुसलं. "आणि ही सहा वर्षांची नाही. वर्षाचीसुद्धा नसेल. तुमच्या घरी दुसरा आहे का?"

बायको सावकाश नवऱ्याकडे वळली. "अहो," ती म्हणाली, "आपल्या घरी दुसरा आहे का?"

पॉलिशवाल्यांनी बुटांकडे बघितलं. "होता," ते म्हणाले.

डॉक्टरणीला एकदम आत काहीतरी आणायचं आठवलं आणि ती गेली.

परतताना रस्त्यात पॉलिशवाल्यांनी पेटी, टाकी, तिन्ही दुकानं, फोटो सगळं सांगितलं. त्यांचं एवढं लांब बोलणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती मधे थांबून एका कंपाउंडच्या भिंतीला टेकली.

"दुखलं का त्यांना?"

"नाही. गवत खातानाच गेले."

"म्हणजे कानाला खाच होती."

"होती."

"नख काळं होतं."

"होतं."

"आणि तुम्ही मला वेडं ठरवलंत."

"तुला रडवायचं नव्हतं."

"रडले असते," ती म्हणाली. "त्याला काय होतं? रडून माणूस मोकळं होतं. मी रोज रात्री पडून विचार करत होते, आज काय विसरले आणि उद्या काय विसरेन. तुमचा चेहरा विसरले तर काय करायचं, हाही विचार केला. तेव्हा तुम्ही शेजारी घोरत होतात."

पॉलिशवाल्यांनी माफी मागितली. "चुकलं" एवढंच म्हणाले, पण दोनदा म्हणाले. घरी आल्यावर ती आधी इमारतीच्या मागे गेली आणि टाकीजवळ बराच वेळ उभी राहिली. पॉलिशवाले गर्भार बाईंचं खोकं सांभाळत जिन्यात थांबले.

पुढे कितीतरी दिवस ती नवऱ्याशी थेट बोलली नाही. जे सांगायचं ते खोक्यासमोर बसून सांगायची. "यांना म्हणावं, जेवण वाढलंय." "यांना म्हणावं, येताना गवत आणा, तुमचे बाळंतपणाचे दिवस आलेत." पॉलिशवाले निमूटपणे गवत आणायचे. दुकानात मात्र तिचा हात पुन्हा बसला. पाय एकदाच मोजून ती बूट काढू लागली, आणि मापाबद्दल एका आईशी भांडलीही. ते भांडण तिनं घरी येऊन खोक्याला रंगवून सांगितलं. पॉलिशवाल्यांनी ते शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते पेपर वाचत होते.

"अहो, लवकर या!"

किती दिवसांनी आलेला तो 'अहो' ऐकून ते चष्म्यासकट धावले. खोक्यात तीन पिल्लं होती. केस आलेले, डोळे उघडे, कपडे घालूनच जन्माला आल्यासारखी. एक तर आईला सोडून भिंतीकडे चालत निघालं होतं. बायको गुडघ्यावर बसू शकत नव्हती, म्हणून पॉलिशवाल्यांनी एकेकाला उचलून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं अर्थात आधी पाय बघितले.

"पुढे चार बोटं, मागे तीन," ती म्हणाली. "बरोबर आहे." मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "उभे काय आहात, बाळंतिणीला काकडी आणा."

बाळंतिणीचं नाव बदलायचं का, असा प्रश्न निघाला होता. बायको म्हणाली, नाव मागायला ती काही आपल्याकडे आली नव्हती, आता लोकांत झालंय ते असू दे. त्यामुळे जावईबापू आपल्या लेकरांना दूध पाजत राहिले आणि शेजारीपाजारी बघायला येत राहिले.

पिल्लं थोडी मोठी झाल्यावर डॉक्टरणीनं तपासून दोन मुली आणि एक मुलगा असल्याचं सांगितलं. बायकोनं तिला पुन्हा एकदा बघायला लावलं. मुलाला आता वेगळं ठेवायला हवं होतं, नाहीतर घराची धर्मशाळा झाली असती. धाकट्या बहिणीनं त्याला मागून घेतलं.

पोचवायला पॉलिशवाले निघाले. बसमध्ये त्यांनी भोकं पाडलेलं खोकं मांडीवर घेतलं. पहिल्या थांब्यापासून आतून शिट्ट्या सुरू झाल्या आणि थांबेनात. पॉलिशवाले झाकण जरा उघडून बोट आत घालायचे, तेवढ्यापुरतं शांत व्हायचं. शेजारच्या बाईंनी दोनदा खोक्याकडे बघितलं, एकदा पॉलिशवाल्यांकडे.

"काय आहे हो यात?"

"मुलगा आहे," पॉलिशवाले म्हणाले. "मावशीकडे चाललाय राहायला."

"मग रडतोय का?"

"पहिल्यांदाच घर सोडलंय," पॉलिशवाले म्हणाले आणि पुढच्या थांब्यापर्यंत बोट आतच ठेवलं.