मूळ फ्लॉपी बेळगावात, नक्कल निपाणीत

कॉम्प्युटर सुरू करायची मूळ फ्लॉपी मी मित्राला देऊन टाकली आणि नक्कल स्वतःजवळ ठेवली. नक्कल तपासली नव्हती असं नाही. तपासली होती, पण माझ्या पद्धतीनं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. निपाणीतल्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या पेढीत मी टायपिस्ट होतो. मालकांना सगळे आप्पा म्हणत. घरात कन्नड बोलत, बाजारात मराठी आणि रागावले की दोन्ही. त्यांनी कॉम्प्युटर आणला तेव्हा बेळगावात सहा महिन्यांचा कोर्स केलेला पेढीत मी एकटाच. टाइपरायटर सोडून मी पंख्याखालच्या फिरत्या खुर्चीत जाऊन बसलो. आप्पा म्हणाले, "मंगळवारी व्यापारी मंडळी हे बघायला येणार हाईत. नीट दाखवलासा तर ही खुर्ची कायमची तुमची." त्या खुर्चीसाठी मी काहीही केलं असतं. केलंही.

त्या यंत्राच्या पोटात काही साठत नसे. सकाळी एक फ्लॉपी घालायची, तिच्यावरून ते जागं व्हायचं. ती बिघडली की यंत्र म्हणजे नुसता ठोकळा. म्हणून तिची नक्कल हवी. शनिवारी माझा बेळगावाजवळच्या कंग्राळीचा मित्र मुद्दाम आला. कोर्सला आम्ही एका बाकावर होतो. आता तो त्याच क्लासात शिकवत होता. आल्या आल्या माझ्या खुर्चीत बसून त्यानं दोन गिरक्या घेतल्या. "लई झकास हाय रं खुर्ची."

मी म्हणालो, "नक्कल कशी करायची?"

"कॉपी मार की. सगळं येतंय."

मारली. दोन्ही फ्लॉप्यांवरच्या फायलींची यादी पडद्यावर काढली, वहीत उतरवली, नावापुढं नाव टिक केलं. एकही कमी नव्हतं. नक्कल घालून एक पत्रही छापलं. यंत्र मूळ फ्लॉपीवरून आधीच जागं झालेलं आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग मित्र म्हणाला, "तुमचं गाव तंबाखूचं. एक ठिणगी पडली तर दोनी फ्लॉप्या जळतील. मूळची माझ्याजवळ बेळगावात ऱ्हाऊ दे."

मला भरून आलं. इतकी काळजी घरच्यांनीही केली नव्हती. फ्लॉपी दिली, वर भजी खाऊ घातली. क्लासाचा फोन नंबर कागदावर लिहून आप्पांच्या टेबलावर चिकटवला. "माझं काही अडलं तर ह्याला विचारा, आप्पा. माणूस सोन्यासारखा आहे."

सोमवारी बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत उमटलं, ही सिस्टिमची डिस्क नव्हे. फ्लॉपी काढली, फुंकली, घातली. पुन्हा तेच. आप्पा दारात येऊन उभे राहिले. मी म्हणालो, "सोमवारी जरा गरम असतंय."

"यंत्राला वार कळतोय व्हय?" म्हणून ते गेले.

सोमवार फुंकण्यातच गेला; मंगळवारी पहिल्या एस्टीनं मूळ फ्लॉपी आणायला बेळगाव गाठलं. क्लासात टेबलामागं तिथल्या आक्का होत्या. म्हणाल्या, "सर? ते पहाटेच निपाणीला गेले. काल सांजेला तुमच्या आप्पांचा फोन आलता."

मला हायसं वाटलं. बघा, माझ्यासाठी धावला! संकेश्वरच्या आसपास आमच्या गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या असणार. त्या आनंदात मी आक्कांना नक्कल कशी केली ते सांगून बसलो.

"नुसती कॉपी?" त्या हसायला लागल्या. "यादीत न दिसणाऱ्या, लपलेल्या दोन फायली त्यात येत न्हाईत की. त्यांच्याबिगर यंत्र उठतंय कुठलं? सर पयल्याच दिवशी सांगतात सगळ्यांना."

मागं फळ्यावर ते लिहिलेलंच होतं. अक्षर त्याचं. कोर्समध्ये ज्याच्या वहीतून सहा महिने मी उतरवून घेतलं होतं, ते अक्षर मी कुठंही ओळखलं असतं. दहा अनोळखी पोरांना त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं आणि मला नाही. परतीच्या गाडीत मी त्याच्या बाजूनं बरीच कारणं शोधली. विसरला असेल. घाईत असेल. निपाणी येईपर्यंत कारणं संपली.

पेढीत मंडळी चहा घेत होती. मूळ फ्लॉपी पोटात घालून यंत्र छान घुरघुरत होतं. माझ्या खुर्चीत तो बसला होता आणि व्यापाऱ्यांना पत्र छापून दाखवत होता.

मी वाकून हळूच विचारलं, "त्या दोन फायलींचं मला का सांगितलं न्हाईस?"

त्यानं मान वर केली नाही. "तू कुठं इचारलास रं?"

मी आप्पांकडे वळलो. म्हटलं, आप्पा, दोन्ही याद्या तंतोतंत जुळत होत्या, वही दाखवतो. टिक केलेली वही खरंच काढली.

आप्पांनी वही न बघता कोपऱ्यातल्या टाइपरायटरकडे बोट केलं. "तुमी तिकडंच बसा. तितं नुसतं दिसतंय तेवढंच उतरवायचं असतंय."