वाटणीतला बंब

नवरा गेल्यावर चौथ्या महिन्यात हुपरीच्या घरात माझी वाटणी करायला पाच माणसं बसली. वाटणी हा शब्द त्यांचा. मला घराबाहेर काढायचं होतं, आणि ते रीतसर दिसावं म्हणून सोप्यात जाजम अंथरलं होतं आणि चहा केला होता. चहाही मीच केला होता. मला मूलबाळ नव्हतं, माहेरी आईवडील उरले नव्हते. थोरल्या दिरांनी आधीच सुचवून ठेवलं होतं, की थोडी रोख देऊ आणि तिला मोकळी करू. एका पंचानं विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं हाय?"

मी म्हणाले, रोख ठरवलीत त्याच्या निम्मीच द्या. पण न्हाणीतला बंब मला पाहिजे.

सगळे हसले. थोरले दीर सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, हिचा तांब्याच्या वजनावर डोळा आहे; बाईमाणूस, मोडीत घालून चार पैसे करील. निम्मी रोख वाचते म्हटल्यावर कपातला चहा निवायच्या आत होकार आला. बंब नसेल तर त्या घरात पहाट कशी होईल, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ते उठायचे तेव्हा पाणी तापलेलं असायचं.

हल्लीच्या घरांत बंब दिसत नाही, म्हणून सांगते. कमरेएवढं तांब्याचं उभं पिंप, त्याच्या मधून आरपार नळी. नळीत शेणी, म्हणजे गोवऱ्या, नाहीतर उसाची चिपाडं घालून जाळ करायचा, भोवती पाणी तापतं, खाली तोटी. त्याचा नियम एकच. जेवढं पाणी काढलं तेवढं वरून ओतायचं. बंब कोरडा पडला तर सांध्यांचा डाख सुटतो आणि भांडं कामातून जातं, हे एक कारण. दुसरं कारण मागून न्हाणाऱ्याचं. आपण ओतलेली कळशी त्याच्या वेळेपर्यंत तापते.

आमच्या घरात चांदीच्या पैंजणांचं काम. दीर, पुतणे, दोन कारागीर, सगळे उजाडायच्या आत आंघोळ करून कामाला बसायचे. त्यांच्यातल्या एकानंही कधी कळशी ओतली नाही. मी न्हाणीच्या दाराबाहेर भरलेली कळशी घेऊन उभी असे. एक बाहेर आला की आत जाऊन ओतायची, पुन्हा बाहेर. मग मुलं, मग सासूबाई, मग थोरली जाऊ. माझी पाळी येईपर्यंत जाळ राखेला आलेला असे आणि बंबात मीच ओतलेलं गार पाणी. माझा नवरा चांगला माणूस होता. तो तिसऱ्या नंबरला न्हायचा.

लग्नानंतरच्या दुसऱ्या थंडीत मी एकदा माझ्यापुरत्या दोन शेणी नळीत टाकल्या होत्या. थोरल्या दिरांना धूर दिसला. त्यांनी चिमट्यानं त्या पेटत्या शेणी बाहेर काढल्या, पाणी मारून विझवल्या आणि परत ढिगावर नेऊन ठेवल्या. "शेणी काय झाडाला लागत्यात?" एवढंच म्हणाले. अंगणात सगळे होते. त्या दिवसापासून पुढं नऊ वर्षं मी कोमट पाण्यानं न्हाले आणि ते वाक्य रोज अंगावर घेतलं. आज लिहितानाही माझी कानशिलं तापतात.

बंब मी एसटीच्या टपावर चढवून कोल्हापूरला आणला. कंडक्टरनं माणसाचं तिकीट मागितलं, मी लगेजचं म्हटलं, आणि निम्म्या वाटेपर्यंत आमची बोलाचाली चालली. शेवटी लगेजच झालं.

कसबा बावड्याला उसाच्या कडेला एक खोली मिळाली. दहा बाय नऊ, वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन. गुळाच्या पेठेत फाटकी पोती शिवायचं काम धरलं. वर्षभरात शिवणं सोडून मी पोती घ्यायला आणि विकायला लागले. पोतं उजेडाकडे धरून त्याची जान ओळखायची आणि व्यापाऱ्यानं सांगितलेल्या भावावर आधी तोंड वाकडं करायचं, एवढी विद्या मला पुरली. माझ्या तोंडाला पेठेत लोक भ्यायला लागले. त्याचं मला वाईट वाटत नसे.

पण खोली गार होती. पावसाळ्यात जमीन ओलसर, थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूनं थेंब ठिबकत. बंब पेटवला तो पहिल्या पावसात खोलीतच, आणि इतका धूर झाला की शेजारची चाची दार बडवत आली. तिचा नवरा सुतार, वखारीत कामाला. "आगं, घर जाळून घेतीस का काय?" म्हणाली. दाराच्या फटीतून बंबाकडे बघितलं आणि विचारलं, किती माणसं आहेत घरात? मी म्हणाले, मी एकटी. तिनं पुन्हा एकदा बंबाकडे बघितलं आणि माघारी गेली. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग मी एकेक सोय लावली. मागच्या बाजूला दोन पत्रे उभे करून, पोत्याचा पडदा लावून न्हाणी केली आणि बंब तिथं नेला. खोलीच्या पत्र्याखाली दुहेरी पोती शिवून टांगली आणि मधल्या पोकळीत भाताचं तूस भरलं. जमिनीवर वाळकी चिपाडं पसरून त्यावर पोती. रॉकेलच्या रिकाम्या डब्याला बाहेरून काजळी फासली आणि पाणी भरून पत्र्यावर उन्हात ठेवला. दुपार कलेपर्यंत ते पाणी हाताला ऊन लागे. तेच बंबात ओतून वरून पोतं गुंडाळून ठेवलं, की सकाळी निम्म्या चिपाडांत काम होई.

भुशाची शेगडी मला चाचीनं शिकवली. एक पत्र्याचा डबा घ्यायचा, त्याला बुडाजवळ भोक. मधे बाटली उभी करायची, भोकातून लाटणं आत सारून बाटलीला टेकवायचं, आणि भोवती लाकडाचा भुसा ठासून, अगदी मुठीनं ठोकून भरायचा. मग बाटली आणि लाटणं अलगद काढून घ्यायचं. खालून काडी लावली की भुसा आतून जळत जातो. जाळ नाही, तीन-चार तास नुसती धग. धूर सुरुवातीला थोडा, तेवढा वेळ शेगडी दारात ठेवायची. सैल भरली तर ढासळते आणि विझते. माझी पहिल्या आठवड्यात रोज ढासळली. चाची म्हणायची, भुशावर कशाला चिडतीस, तो काय तुझा दीर हाय? शेगडीखाली मी दोन विटा ठेवत असे. त्या तापल्या की पोत्यात गुंडाळून पायाशी घ्यायच्या.

पहिल्यांदा मनासारखी आंघोळ झाली ती बंब न्हाणीत नेल्यावर. कढत पाणी, हवं तेवढं. दोन बादल्या घेतल्या. तरी बंब भरलेलाच होता, कारण तो आठ-दहा माणसांचा बंब. अंग पुसून मी पडद्याआड बसून राहिले. कशाची वाट बघतेय हे जरा वेळानं कळलं. कोणीतरी बाहेरून "आवरलं का?" म्हणेल म्हणून मी थांबले होते. अकरा वर्षं त्या आवाजाला शिव्या दिल्या होत्या. बाहेर उसाच्या पाल्याचा आवाज होता, दुसरा कसला नव्हता.

उरलेलं पाणी मी विकायला लागले. पैशानं नाही, जळणानं. पोतंभर भुसा, पाच बादल्या. टोपलीभर चिपाडं, एक बादली. चाचीलासुद्धा फुकट दिलं नाही. एका म्हाताऱ्यानं उधारीवर बादली मागितली तर मी त्याला गल्लीभर ऐकू जाईल असं बोलले. "तुझ्या पाण्याला बी चटका हाय आन जिभंला बी," चाची म्हणाली. माणसं यायची, जळण टाकायची, बादली भरायची, जायची. कोणी टेकत नसे. मीच कधी टेका म्हणत नव्हते.

अशी चार वर्षं गेली. एका थंडीत सकाळी गल्लीतली सगळी बादल्या घेऊन गेली होती आणि माझी आंघोळ राहिली होती. दारात एक मुलगी उभी. विशीतली, हिरवा चुडा, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. उजव्या पावलावर जुनी भाजल्याची मोठी खूण.

"हुपरीस्नं आलतो," ती म्हणाली. "धाकट्याची मी."

धाकट्या दिराचं लग्न झाल्याचं कानावर आलं होतं. ते घर म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी आत ये म्हटलं नाही. कोणी पाठवलं, एवढंच विचारलं. कोणी नाही, म्हणाली. बाजाराला म्हणून निघाली होती, सासूला चुकवून आली होती.

"कशाला?"

"बंब बघायला."

मला वाटलं, थट्टा करते. पण ती मान लांब करून खरंच माझ्या मागं बघत होती. मी पडदा बाजूला केला. ती बंबापुढं उकिडवी बसली, तोटीला हात लावला, झाकण उचलून नळीत डोकावली. मग बोलली, बंबाकडेच बघत. त्या घरात बंबापायी रोज सकाळी माझं नाव निघतं. नवा बंब कोणी घेतला नाही. थोरल्यांचं म्हणणं, चुलाणावर भागतंय. परड्यात चुलाण, त्यावर हंडा, आणि तिथून न्हाणीपर्यंत कढत पाणी ही घागरीनं वाहते. एकेका माणसाला दोन-दोन खेपा. मागच्या पावसात शेवाळावर पाय घसरला.

मी तिच्या पावलाकडे बघितलं नाही. चार वर्षं मी अशी कल्पना करून झोपत होते, की थोरले दीर गार पाण्यानं कुडकुडत न्हातायत. त्यांचं पाणी एक दिवससुद्धा चुकलं नव्हतं.

"आक्का, देता का?" ती म्हणाली. "घरात सांगतो, स्वस्तात मिळाला म्हणून."

मी भडकले. म्हणाले, बंब त्या उंबऱ्यात पुन्हा जाणार नाही. गेला तर तूच पेटवशील, तूच कळशा ओतशील आणि शेवटी राखेवरच्या पाण्यानं न्हाशील. मी भोगलंय ते.

"आता बी शेवटीच न्हातो की," ती शांतपणे म्हणाली. "निदान वाहायचं तरी वाचंल."

पेठेत भल्याभल्यांना मी गप्प केलं होतं. या मुलीशी मी घासाघीस सोडली. शेवटी मी म्हणाले, आधी आंघोळ कर. बंबात जे काही गरम उरलं होतं ते तिच्यासाठी बादलीत काढलं आणि पडदा ओढला. ती किती वेळ आत होती कोण जाणे. आतून पाण्याचा आवाज येत होता. मी दारात पोतं शिवत बसले आणि चार वेळा चुकीचा टाका घातला.

बाहेर आली तेव्हा तोंड लाल झालं होतं. मी तिला चहा दिला आणि भुशाची शेगडी कशी भरायची ते दाखवलं. बाटली, लाटणं, मुठीनं ठोकणं. म्हणाले, आपल्यापुरती रात्रीच भरून ठेव, पहाटे पेटव आणि वर तुझी घागर. सगळ्यांचं होईपर्यंत धग टिकते. भुसा सुताराकडे फुकट मिळतो, तेव्हा शेणी मोजणाऱ्याला तोंड उघडता येणार नाही. तिनं दोनदा भरून बघितली. दुसऱ्यांदा नीट उभी राहिली. तो डबा मी तिला देऊन टाकला. निघताना दारात म्हणाले, "ज्या दिवशी तुझी चूल येगळी हुईल, त्या दिवशी येऊन बंब घेऊन जा. तुला एकटीला. त्या घराला न्हाई."

ती हसली. "चूल येगळी," म्हणाली, जसं काही मी गावाला जायचा लांबचा रस्ता सांगितला. मग बस चुकेल म्हणून भराभर गेली.

मी आंघोळीला गेले. पाणी गार असणार हे धरूनच तोटी सोडली, आणि हात भाजला. झाकण बसवलेलं होतं. नळीत जाळ होता. कोपऱ्यातली चिपाडं कमी झाली होती. कळशी रिकामी, बाजूला पालथी घातलेली. तिनं माझ्यासाठी पाणी ओतून ठेवलं होतं. मी सांगितलं नव्हतं. त्याबदल्यात तिनं काही मागितलंही नव्हतं. माझ्या सबंध आयुष्यात माझ्या आधी न्हालेल्या माणसानं माझ्यासाठी कळशी ओतली ती तेवढी एकदा.

मी पडदा सारून बाहेर गेले, थेट रस्त्यापर्यंत. बस निघून गेली होती. परत येऊन न्हाले. झाल्यावर हात आपोआप कळशीकडे गेला, भरून ओतलीसुद्धा, आणि मग ती कोणासाठी ओतली हे मला सांगता येईना.

ती पुन्हा आली नाही. त्यांची चूल वेगळी झाली नाही, असं कळत राहिलं. नंतर कळायचंही थांबलं. मी ती खोली विकत घेऊन तिच्या जागी पक्कं घर बांधलं, गॅस घेतला. भंगारवाले बंबाला चांगला भाव सांगून गेले. मी घासाघीससुद्धा केली नाही, नाही म्हटलं. थोरल्या दिरांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण त्या वाटणीचा विचार आला, की आता मला त्यांचं हसणं आठवत नाही, त्या पावलावरची खूण आठवते. बंब मी दर पंधरा दिवसांनी चिंचेनं घासते. नळी साफ आहे, डाख शाबूत आहे. उद्या ती आली तर लगेच पेटवता येईल.