आलं म्हणजे आलं

कॅनडातल्या कनाटा गावी मुलाच्या घरी राहायला येऊन वर्ष होत आलं, तरी भगवानराव गजभिये दाराशी आलेलं पार्सल सरळ आत घेत नाहीत. आधी खोक्यावर तळवा ठेवतात, चारी कोपरे चाचपतात, मग आत आणून टेबलावर ठेवतात आणि हात काढून घेता घेता म्हणतात, "आलं."

"आलं आलं की लसूण?" वनिताबाई स्वयंपाकघरातून विचारतात.

विनोद तीन वर्षं जुना आहे, पण दोघं अजून हसतात. आणि हसून झालं की भगवानरावांना मिसिसागाच्या गोदामातली जेवणाची खोली आठवते. तिथलं आठ खुर्च्यांचं टेबल आठवतं.

नागपुरात एसटी डेपोच्या भांडारात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. आलेला माल मोजून घेणं हे त्यांचं काम, आणि त्या कामाचा एकच नियम त्यांनी पाळला. हातात आलं म्हणजे आलं नाही. जागेवर ठेवून हात काढला, तरी जसंच्या तसं राहिलं, तर आलं. तेव्हाच सही. राजरत्नने आईवडलांना कॅनडात बोलावलं तेव्हा भगवानराव चौपन्न वर्षांचे होते. मिसिसागात विमानतळाजवळ किराण्याच्या एका मोठ्या गोदामात त्यांना नोकरी मिळाली. विभागाच्या दारावर पाटी होती, 'रिसीव्हिंग', म्हणजे आलेला माल ताब्यात घेणं. परक्या मुलखात आपल्याच नावाची पाटी दिसावी तसं त्यांना वाटलं. पुढे राजरत्न कनाटाच्या टेलिकॉम कंपनीत गेला, पण हे काही हलले नाहीत. "माझं रिसीव्हिंग आहे ना इथं," म्हणाले.

घोटाळा झाला तोही त्या शब्दानेच. दोन हजार पंधराच्या थंडीत जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पडलं होतं. त्यात मथळा, कोण्या एकाने एका दिवसात दोनशे चाळीस 'रिसीव्हिंग यार्ड' केले. गोदामामागे ट्रक उभे राहायचे त्या पटांगणाला सगळे यार्डच म्हणायचे. भगवानरावांनी मनातल्या मनात हिशेब मांडून पाहिला, जमेना. शेवटी सुपरवायझर ग्लेनला त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "वन मॅन? वन शिफ्ट? हाऊ मेनी ट्रक्स?"

टेबल जे हसलं, ते ग्लेनच्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलं. फोर्कलिफ्ट चालवणारा नाशिकचा नंदूही हसला. मग त्यानेच समजावलं, "काका, अमेरिकन फुटबॉल आहे तो. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने पळत जाऊन झेलायचा. असे झेल घेऊन जेवढं अंतर मारलं, तेवढे त्याचे यार्ड."

त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण रोज कोणीतरी विचारायचंच, "भगवान, आज किती यार्ड?" आठवड्याभरात भगवानराव डबा घेऊन ट्रकमधला माल उतरवायच्या डॉकवर जायला लागले. तिथे लाकडी पॅलेटच्या थप्पीवर बसून, ट्रकच्या दारातून येणाऱ्या वाऱ्यात जेवायचे.

"पोळ्या परत काऊन येऊन राहिल्या?" वनिताबाईंनी विचारलं.

"कडक होतात."

"मायक्रोवेव्ह आहे ना तिथं?"

"आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्या पोळ्यांना आणखी एक फडकं गुंडाळायला लागल्या. निवृत्तीला अडीच वर्षं होती. तेवढे दिवस पॅलेटवर बसून जेवायचं की त्या टेबलाशी, एवढाच प्रश्न होता, पण भगवानरावांना तो रात्रंदिवस टोचायचा. म्हणून की काय, सुट्टीच्या रविवारी ते घरी फुटबॉल बघायला लागले. पट्ट्या, नियम, पंचांचे हातवारे, सगळं वहीत लिहून.

"हे कबड्डीवाले एवढे कपडे घालून खेळतात?" वनिताबाई म्हणायच्या, आणि लसूण सोलत शेजारी बसायच्या.

पुढच्या डिसेंबरातला एक रविवार. सकाळपासून बर्फ. हायवेवर ट्रक अडकले, डॉक रिकामे. ग्लेनने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं. टीव्हीवर त्याच्या लाडक्या संघाची मॅच होती आणि त्यांचा चौदा नंबरचा खेळाडू त्या दिवशी सुटलाच होता. येईल तो चेंडू झेलत होता. एका मॅचमधल्या रिसीव्हिंग यार्डांचा त्या संघाचा विक्रम एकतीस वर्षं तसाच होता. तो मोडायला आता फक्त पाच यार्ड हवे होते.

डॉकवर एकटेच राहिलेले भगवानराव थंडी सोसेना म्हणून डबा गरम करायला आत आले ते तेव्हा. त्यांनी मायक्रोवेव्ह लावला आणि तिथेच उभे राहिले.

लांब पास आला. चौदा नंबरने हवेत झेपावून तो धरला आणि पालथा पडला. टेबल उठून उभं राहिलं. पण पंचांनी झेल पुन्हा तपासायला घेतला आणि पडद्यावर तोच क्षण सावकाश दिसू लागला.

"नॉट रिसीव्ड," भगवानराव म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. "काका, गप बसा ना," नंदू मराठीत पुटपुटला. "आजच्या दिवस तरी."

गप बसले असते तर कदाचित एक खुर्चीही मिळाली असती. ते त्यांना कळत होतं. पण न ठेवलेल्या मालावर त्यांनी आयुष्यात सही केली नव्हती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "जमिनीला टेकला तेव्हा चेंडू हातात फिरला. खाली येईपर्यंत धरलाच नाही. मी सही करणार नाही."

"गेल्या आठवड्यात सडक्या टोमॅटोंवर केलीस की," ग्लेन म्हणाला.

"ती नंदूची सही."

कोणीतरी फसकन हसलं. तेवढ्यात पंचाने दोन्ही हात आडवे फिरवले. झेल बाद. हसू जिथल्या तिथे विरलं. मायक्रोवेव्ह वाजला. भगवानरावांनी डबा काढला आणि डॉककडे निघाले.

मागे फरशीवर काहीतरी खरवडलं. ग्लेनने पायाने एक खुर्ची बाहेर ढकलली होती. टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला, "सिट. नेक्स्ट वन, यू टेल अस."

मॅचचं शेवटचं मिनिट चालू होतं. या वेळी पास छोटा, साधा. चौदा नंबरने तो दोन्ही हातांत घेतला, छातीशी धरला. दोघांनी त्याला आडवा केला तरी चेंडू हलला नाही. तो उठला, चेंडू गवतावर ठेवला आणि हात काढून घेतला. सात यार्ड.

कोणी ओरडलं नाही. सगळे भगवानरावांकडे बघत होते. त्या क्षणी त्यांना इंग्रजी सुचेना.

"आलं," ते म्हणाले.

"रिसीव्ड," नंदूने सांगितलं, आणि मग खोलीत जो गलका झाला, तो डॉकवरच्या रिकाम्या शेडपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवसापासून ग्लेन प्रत्येक ट्रकपाशी विचारू लागला, "आलं?" आणि भगवानरावांनी "आलं" म्हटल्याशिवाय कागद पुढे सरकेना. आल्याची खोकी उतरली त्या दिवशी नंदूने ग्लेनला त्या शब्दाचा दुसरा अर्थही शिकवला.

पण त्या रविवारी संध्याकाळी घरी वनिताबाईंनी डबा हातात घेतला आणि जरा तोलून पाहिला. झाकण उघडलं. फडकी घडी करून ठेवलेली होती.

"आज पोळ्या आल्या नाहीत परत," त्या म्हणाल्या.

"नाही," भगवानराव म्हणाले. "उद्या दोन जास्त दे. ग्लेन खातो."