पुरे मावशी

तिला सगळे पुरे मावशी म्हणत. दारूच्या दुकानाच्या मालकिणीला असं नाव पडावं, याचं नव्या गिऱ्हाइकाला हसू यायचं. त्याने तिसरा ग्लास मागितला की मावशी त्याच्यासमोरचं टेबल ओल्या फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "पुरे." मग त्याचं हसू मावळायचं.

दुकान वडिलांचं. आधी वडील दुकान चालवायचे, शेवटी शेवटी दुकानच वडिलांना चालवू लागलं. ते गेल्यावर नातेवाईक म्हणाले, विकून टाक. तिने ऐकलं नाही. वडिलांबरोबर बसणारे काही जण एक ग्लास घेऊन, गप्पा मारून सरळ पावलांनी घरी जायचे, हेही तिने पाहिलं होतं. त्यांनी कुणाचं काय वाकडं केलं, असं ती विचारायची.

गल्ल्यावर धाकटा भाऊ बसायचा. तो कुरकुरायचा, "ताई, गिऱ्हाईक पुलापलीकडच्या दुकानात जातंय."

"जाऊ दे. पाय आहेत त्याला."

एका दुपारी टँकरवाला आला. मागच्याच गल्लीतला, एरवी गायीसारखा गरीब. त्या दिवशी मालकाशी वाजलं होतं. दोन ग्लास त्याने घटाघटा रिचवले. टँकर दाराशी उभा, किल्ली टेबलावर.

"मावशी, अजून एक."

"पुरे. आणि गाडी आज इथेच राहू दे."

"पैसे माझे, घसा माझा. लोकशाही आहे ना?"

"आहे म्हणून तर दोन दिले. घसा तुझा, रस्ता सगळ्यांचा." तिने किल्ली उचलली.

त्याने तिचं मनगट धरलं. कोपऱ्यात पत्ते खेळणाऱ्यांनी हातातले पत्ते पालथे घातले. भाऊ शटरचा लोखंडी दांडा घेऊन उठला. मावशी मागे न बघताच म्हणाली, "तू बस खाली. मध्ये पडू नकोस."

"किल्ली दे."

"नाही देत."

मनगटाचं हाड टेबलाच्या कडेवर दाबलं जात होतं. पण तिची मूठ सुटली नाही. त्याने दुसऱ्या हाताने ग्लास उचलला आणि भिंतीवर फेकला. काच उडाली, मावशीची भुवई फाटली. गालावरून रक्त ओघळलेलं पाहिलं आणि त्यालाच दरदरून घाम फुटला. हात सोडून तो मुकाट्याने पायी निघून गेला.

त्याच आठवड्यात शाळेच्या सभागृहात वस्तीची सभा भरली. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "आज भुवई फुटली, उद्या कुणाचा जीव जाईल. दुकान बंद करा. मावशी सरळ आहेत, मान्य. पण पुरे म्हणणारं माणूस प्रत्येक घरात नसतं." टाळ्या पडल्या.

मावशीच्या ते जिव्हारी लागलं. तिच्या घरात तरी कुठे होतं? ती उठली.

"बाई खोटं बोलत नाहीत. माझे वडील या दारूनेच गेले. बहुमताने बंद करा म्हणालात तर मी कुलूप लावीन, मागच्या दाराने विकणार नाही. पण जो एक घेऊन गुमान घरी जातो, त्याला कसली शिक्षा देताय, तेवढं सांगा."

मग टँकरवाल्याची बायको उभी राहिली. ही आता दुकानावर तुटून पडणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"मला दारूचा वाससुद्धा नकोसा वाटतो," ती म्हणाली. "पण हे बंद झालं तर आमचे हे पुलापलीकडे जातील. तिथे किल्ली काढून घेणारं कुणी नाही." कुणाकडेही न बघता ती खाली बसली.

हात वर झाले. बाईंनी दोनदा मोजले. मावशी मान खाली घालून बसली होती. शेजारी भावाचा पाय सारखा हलत होता. थोडक्या मतांनी दुकान वाचलं. लगेच दुसरा ठराव मात्र भक्कम बहुमताने झाला: दिवस मावळला की शटर खाली.

"धंदाच बसवला की आपला!" बाहेर पडताना भाऊ फणकारला.

"मतं पडली ना? मग पाळायचं." तिलाही ते पटलं नव्हतं.

मालकाने मावशीकडून किल्ली मागवून टँकर दुसऱ्या माणसाकरवी नेला होता. टँकरवाला पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. मावशीने त्याच्या बायकोबरोबर निरोप धाडला, "ये म्हणावं. मनात काही नाही." बायको "सांगते" म्हणाली. तो आता कुठे पितो, किती पितो, हे विचारायचा मावशीला धीर झाला नाही. रस्त्यावर जड गाडीचा ब्रेक करकरला की ग्लास विसळणारा तिचा हात थांबतो, आणि गाडी पुढे निघून जाईपर्यंत ती दाराकडे बघत राहते.