चढ्या बोलीची टाळी

पाणीयोजनेसाठी आमची नगरपरिषद रोखे काढणार होती. ते घ्यायला किती व्याज हवं, हे लिहिलेले तीन बँकांचे बंद लिफाफे सभेत फोडले. आम्ही बरेचसे नगरसेवक चिखल्याच्या किनाऱ्यावर मासळीचे लिलाव बघत वाढलेलो. चढा बोलेल त्याची टोपली. सगळ्यांत चढा आकडा वाचला आणि टाळ्या पडल्या.

"अहो, हे व्याज आपल्याला भरायचंय!" लेखापाल बाईंनी कपाळावर हात मारला.

तरी शेजारचा सदस्य म्हणतो, "मग कमी बोलणाऱ्याला द्यायचं? असं कुठं असतं?" तासभर त्याच्याशी डोकं फोडलं.

घरी येऊन सगळ्यांची अक्कल काढली. बोंबील साफ करता करता बायकोनं विचारलं, "पहिली टाळी कोणी वाजवली?"

मी उठून पंखा वाढवला.